समुद्रातला घरजावई

शनिवार, ६ ऑक्टोबर २००७

आज छापखान्याच्या मालकांनी, केशोरावांनी, मला साप्ताहिकाच्या चौथ्या पानावरचा खालचा कोपरा दिला. बियाण्याच्या दुकानाची जाहिरात येणार होती, ती आली नाही. "केवल, कोना खाली नहीं जाना चाहिए. तू ते जनावरांचं काय काय वाचत राहतोस ना, तेच टाक," म्हणाले आणि जेवायला निघून गेले.

मी इथे प्रुफे वाचतो. गोंदियाच्या या छापखान्यात आठवडाभर लग्नपत्रिका आणि पावतीपुस्तके निघतात, गुरुवारी आमचे चार पानी साप्ताहिक निघते. बारावीत इंग्रजीने मला दोनदा पाडले, पण ऱ्हस्वदीर्घात मला अजून कोणी पाडलेले नाही.

तीन गोष्टी लिहिल्या. ऑक्टोपसला तीन हृदये असतात. मांजराला गोड चव कळत नाही. बल्गेरिया देशात मान वरखाली हलवली तर त्याचा अर्थ 'नाही' होतो. फलाटावरच्या दुकानातून घेतलेल्या दोन वेगवेगळ्या पुस्तकांत पाहून मगच लिहिल्या. तरी भीती वाटते. एखादा बल्गेरियाचा माणूस गोंदियात येणार नाही, हे कळते, पण चूक ती चूक.

मथळा 'जगात असंही' द्यावा की 'जगात असेही', यात दुपार गेली. 'असेही' दिले. खाली माझे नाव. केशोरावांनी ते केवलराम असे टाईप केले होते. मी ल काढून ळ केला. शाळेच्या दाखल्यावर ळ आहे.

रविवार, १४ ऑक्टोबर

पॅसेंजरने सौंदडला दादाकडे गेलो. अंक दाखवायचा होता.

दादा म्हणजे माझा मोठा भाऊ श्यामलाल. लग्नानंतर तो तिथेच राहायला गेला, घरजावई म्हणून. त्याचे सासरे कुंजीलाल मामा यांना मुलगा नाही. एकटी दुर्गेश्वरी वहिनी, आणि तलावाखालची धानाची चांगली जमीन. पंचायतीत मामांचा शब्द चालतो. वहिनीला आता दिवस भरत आलेत.

जे पाहिले ते लिहून ठेवतो, कारण मला फार लाज वाटली.

जेवताना मामा म्हणाले, "जवाई, पानी." दादा स्वतःचे ताट सोडून उठला. पेला मामांच्या पुढ्यात ठेवला. एवढ्यावर झाले नाही. त्याने मामांचा हात धरून पेल्यावर ठेवला. हातभर अंतरावरचा पेलाही त्या माणसाला स्वतः उचलता येऊ नये? जेवण झाल्यावर दादाने खाली वाकून मामांच्या चपला त्यांच्या पायांपुढे सरळ लावल्या, अंगठा पट्ट्याला लागेल अशा. मामा माझ्याशी बोलत होते, पण माझ्याकडे एकदाही पाहिले नाही. माझ्या खांद्यावरून भिंतीकडे पाहत बोलत होते. मोठ्या शेतीवाल्यांची अशीच तऱ्हा असते.

अंक दिला, तर मांडीवर उलटा धरून बसले. वाचायची इच्छाच नव्हती. वहिनी म्हणाली, "बाबाले वाचून दाखवा ना भाऊजी." मला तो टोमणा वाटला. मी म्हटले, अक्षर ठळक आहे, मामा सवडीने वाचतील. दादाने माझ्याकडे पाहिले आणि ताटे उचलायला लागला. ताटेसुद्धा तोच उचलतो.

परत येताना स्टेशनरोडवर गुलाबचंदच्या पानठेल्यावर थांबलो. हा आमचा अंक सौंदडला विकतो आणि दिवाळीनंतरच्या जत्रेत, मंडईत, दंडारीचे नाटक असते तेव्हा सोंगाड्या होतो. म्हणाला, "ते मांजरीचा खरा होय का गा? माही मांजर त पेढा खाते."

मी म्हटले, खात असेल, पण गोड म्हणून नाही, दूध म्हणून.

"मंग जो भाऊ सासऱ्याच्या घरी खाते, त्याले तरी चव लागत असंल का?" असे म्हणून तो हसला. मी गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. बोलायला हवे होते.

मंगळवार, १६ ऑक्टोबर

एक विलक्षण गोष्ट सापडली. फार खोल समुद्रात एक मासा असतो, त्याच्या काही जातींत मादी मोठी असते आणि नर बोटाएवढा. नराला मादी सापडली की तो तिच्या अंगाला दातांनी चिकटतो, तो कायमचा. दोघांची कातडी एक होते, रक्त एक होते. नराला मग पोहायचे काम उरत नाही, पाहायचेही उरत नाही. हळूहळू त्याचे पंख झिजतात, डोळे झिजतात. मादीच्या रक्तावर तो जगतो.

तीन पुस्तकांत पडताळले. आज अंगावर काटा आला होता.

मथळा आपोआप सुचला: समुद्रातला घरजावई. मनात कोणीही नव्हते. फक्त मथळा चांगला होता.

अडचण शुद्धलेखनाची. आमच्याकडे सगळे 'घरजवाई' म्हणतात. शब्दकोशात 'घरजावई' आहे. केशोरावांना विचारले, ते म्हणाले, "जे बसेल ते बसव, लाईन में आना चाहिए." मराठीच्या जुन्या सरांना वाटेत गाठून विचारले. गुलाबचंद गठ्ठ्याचा हिशेब द्यायला आला होता, त्यालाही विचारले, कारण तो लोकांच्या तोंडचे शब्द जाणतो.

तो म्हणाला, "काऊन? कोनावर लिहून राह्यलास?"

"माशावर."

"मास्यावर!" तो बाकावर बसून हसायला लागला. "लिह बाबू, लिह. मोठ्या अक्षरात लिह."

शेवटी 'घरजावई' केले.

गुरुवार, १८ ऑक्टोबर

अंक निघाला. एकही चूक नाही. केशोराव म्हणाले, पहिल्यांदाच कोणीतरी चौथे पान वाचून छापखान्यात आले. सौंदडच्या गठ्ठ्यात एकही प्रत उरली नाही, गुलाबचंदने आणखी मागवल्या.

आनंदात झोपतो.

सोमवार, २२ ऑक्टोबर

काल दसरा होता. सोने द्यायला सौंदडला गेलो.

ठेल्यावरूनच गुलाबचंद ओरडला, "आला गा, मास्याचा भाऊ आला!" बाकावरचे सगळे हसले. मला वाटले माझ्या लेखावरून म्हणतात, म्हणून मीही हसलो. हे लिहिताना कान गरम होत आहेत. मी हसलो.

पुढे गेलो तर आंब्याच्या झाडाखाली पोरे खेळत होती. दादा बैलांना पाणी दाखवून येत होता. एक पोरगा दुसऱ्याच्या पाठीला तोंड लावून चिकटला आणि सगळी एकदम, "मासा! मासा!" दादाने बैलांना हाकलले आणि सरळ घरात गेला.

मी आपट्याची पाने दिली. त्याने घेतली. पाया पडलो तर डोक्यावर हात ठेवला. म्हणाला, "आई बरी होय ना?" मामांनी सोने घ्यायला हात पुढे केला तो माझ्या बाजूने नव्हता, भलतीकडेच होता. रागावले असणार.

निघताना वहिनी दारापर्यंत आली. "भाऊजी, तुमाले दुसरा जनावर नाई सापडला का?"

मी म्हटले, "वहिनी, माझ्या मनात दादा नव्हता. शपथ."

ती म्हणाली, "मंग कोन होता?"

मी चपला घालून स्टेशनकडे निघालो.

गुरुवार, २५ ऑक्टोबर

दुरुस्ती म्हणून आज पेंग्विन दिला. दक्षिण ध्रुवाकडच्या भर थंडीत नर पेंग्विन पायांवर अंडे घेऊन उभा राहतो, काही न खाता, आणि मादी समुद्रात गेलेली असते. 'पित्याची तपश्चर्या' असा मथळा दिला. नराविषयी आदर वाटेल असे प्रत्येक वाक्य होते.

शनिवार, २७ ऑक्टोबर

गुलाबचंदचा फोन आला होता. सौंदडला दादाला आता विचारतात, "काय मासेभाऊ, अंडा केव्हा देतेस?"

गुरुवार, १ नोव्हेंबर

केशोरावांना न विचारता चौथ्या पानावर खुलासा टाकला. रात्रभर शब्द जुळवत होतो. संदिग्धता राहू नये म्हणून अगदी नेमका लिहिला: 'मागील एका अंकातील समुद्रातला घरजावई हा मजकूर केवळ माशाविषयी असून सौंदड येथील कोणत्याही घरजावयास उद्देशून नव्हता.'

केशोरावांनी अंक पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अरे पगले! सौंदड का नाव कायको डाला?"

मी म्हटले, तिथेच गैरसमज झाला आहे.

"आतापर्यंत सौंदडलाच माहीत होता. आता गोंदियापासून अर्जुनीपर्यंत सगळी रेल्वेलाईन विचारेल, सौंदडचा घरजावई कोण?"

खुलाशात व्याकरणाची एकही चूक नव्हती. हे मी का लिहितो आहे कोण जाणे.

रविवार, ४ नोव्हेंबर

आईच्या कानावर गेले. बाजारात कोणीतरी वाचून दाखवले. ती चुलीपुढे बसून बोलत राहिली, माझ्याकडे न पाहता.

"कुंजीलाल आले होते त तुलेच पाहाले आले होते. मोठा पोरगा कोन देते गा घरजवाई? तू धानाच्या तनसाच्या ढिगामागं जाऊन बसलास. पावने वट्ट्यावर, अना नवरदेव तनसात. मी तोंड कुठी लपवू? तवा श्याम म्हने, आई, मी जातो, याले राहू दे, याले परक्या घरी झोप येनार नाई."

आईने हे बोलायला नको होते. त्या दिवशी मला ताप होता.

जेवलो नाही. आईने दोनदा हाक मारली, तिसऱ्यांदा मारली नाही.

सोमवार, १२ नोव्हेंबर

दिवाळी झाली. काल भाऊबीज होती. दरवर्षी दादा बहिणीसारखे मलाच ओवाळायला लावतो आणि खोटे खोटे रागावून पैसे देतो, कारण आम्हाला बहीण नाही. या वेळी आला नाही. वहिनीला जपावे लागते असा निरोप आला. आईने करंज्या बांधून ठेवल्या आहेत. परवा सौंदडची मंडई आहे, ती म्हणाली, "तूच घेऊन जा. अना त्याचे पाय धर." जाण्याची हिंमत नाही. न जाण्याचीही नाही.

गुरुवार, १५ नोव्हेंबर

काल जे झाले ते क्रमाने लिहितो. टाळले तर पुन्हा कधी लिहिणार नाही.

मंडईत ही गर्दी होती. जिलेबीची दुकाने, पाळणे, बांगडीवाल्या. शाळेच्या मैदानात दुपारीच दंडार सुरू झाली. पुढे गावच्या मोठ्या माणसांसाठी खुर्च्या होत्या. मामा पहिल्या रांगेत होते, शेजारी दादा. मी करंज्यांची पिशवी घेऊन मागे बाजूला उभा राहिलो. दंडार संपली की पाय धरू असे ठरवले होते.

ढोलकी थांबली आणि गुलाबचंद आला. अंगाला चंदेरी कागद, पाठीला सुपाचे पंख. एक जाडजूड माणूस लुगडे नेसून मादी झाला होता, गुलाबचंदने त्याचा पदर दातात धरला आणि मैदानभर त्याच्यामागे फरफटत फिरला. लोक हसून लोटपोट.

सूत्रधाराने विचारले, "काय गा मासेराव, पंख कुठी गेले?"

गुलाबचंदने सुपे काढून फेकली आणि मोठ्याने म्हणाला, "नराला मग पोहायचे काम उरत नाही, पाहायचेही उरत नाही!"

हे माझे वाक्य होते. शब्दही न बदलता घेतलेले, स्वल्पविरामाच्या जागी थांबून म्हटलेले. आणि मला, हे लिहायलाच हवे, त्या क्षणी आनंद झाला. हजारभर माणसे माझ्या वाक्यावर हसत होती. माझ्याही तोंडावर हसू होते. तेव्हाच दादाने मागे वळून पाहिले. तो दंडारीकडे पाहतच नव्हता, गर्दीत मला शोधत होता. त्याला मी सापडलो तेव्हा मी हसत होतो.

मग सूत्रधार म्हणाला, "अना डोरे? डोरे कुठी गेले गा?"

गुलाबचंदने दोन्ही डोळ्यांवर हात ठेवले आणि चाचपडत चाचपडत पहिल्या रांगेपर्यंत आला. "झिजले बापा, झिजले! सासऱ्याच्या घरी कोनाले डोरे लागतेत? सासरा खाली बसला होय का वर, काई दिसत नाई!"

कुंजीलाल मामा उठून उभे राहिले.

"कोनं सांगतला?" ते म्हणाले. आवाज मोठा नव्हता, पण पुढच्या रांगा एकदम गप्प झाल्या. "श्याम, कोनं सांगतला याले, मले दिसत नाई म्हनून?"

गुलाबचंद डोळ्यांवर हात तसेच ठेवून उभा राहिला.

"दोन साल झाले. कोनाले माहीत नवता. तुले अना दुर्गीले सोडून कोनाले माहीत नवता," मामा म्हणत होते आणि दादाच्या उलट्या बाजूला बोलत होते. दादा दुसरीकडून त्यांचा हात धरत होता. "मामाजी, तुमाले नाई म्हनला तो. मले म्हनला. मले मासा म्हनतेत. तुमी खाली बसा." पण मामांचा पाय खुर्चीत अडकला होता आणि ते हवेत हात फिरवून आधार शोधत होते. सगळ्या मंडईने ते पाहिले. पेला, चपला, उलटा धरलेला अंक, भिंतीकडे पाहून बोलणे. मला सगळे एकाच वेळी आठवले.

दादाने त्यांना बाहेर काढले. चालताना तो हळूच सांगत होता, "खड्डा होय, दोरी होय, आता सीधा रस्ता होय." माझ्याजवळून गेले. मामा थांबले. "केवल होय का इथं? तुह्या आईच्या करंज्याचा वास येऊन राह्यला." माझ्या हातात करंज्या होत्या.

मी म्हटले, "हो मामाजी."

"तू लिहलास का गा ते?"

"माशावर लिहिले होते, मामाजी. तुमचे मला ठाऊक नव्हते."

"नवता ठाऊक." त्यांनी मान हलवली. "घरात जेवून गेलास त तुले ठाऊक नवता."

दादा म्हणाला, "जा तू. गाडी चुकंल तुही."

करंज्यांची पिशवी घेतली नाही. ती घरी कशी नेऊ, म्हणून स्टेशनवर बाकावर ठेवून आलो. आईला सांगितले, आवडल्या.

गुरुवार, २२ नोव्हेंबर

केशोरावांना सांगितले, कोपरा आता मी लिहिणार नाही. त्यांना वाईट वाटले. बियाण्यांची जाहिरात परत आली आहे.

बुधवार, २८ नोव्हेंबर

वहिनीला मुलगी झाली. आईला फोन आला, मला नाही. आई जाऊन आली. मी विचारले, बारशाला मी यावे का? ती म्हणाली, "तुले कोनं बलावला?"

सोमवार, १० डिसेंबर

आज दुपारी दादा छापखान्यात आला.

मी प्रूफ वाचत होतो. मान वर केली तर काउंटरपाशी तो उभा. डोक्याला दुपट्टा, हातात शाळेच्या वहीचा फाडलेला कागद. केशोराव म्हणाले, "आओ, आओ, क्या छापना है?" दादा म्हणाला, "बारश्याच्या पत्रिका. हाच टाईप करते ना? याचा स्पेलिंग चांगला होय."

कागद माझ्यापुढे ठेवला. मी दादाच्या अक्षरावर डोळे ठेवून बसलो.

"मामाजी कसे आहेत?"

"काठी घेऊन राह्यले आता. पयले म्हनत, काठी घेतली त मी मेलो समजा. आता पोरगी झाली तवापासून काठीनंच अंगन मापून राह्यले, पारना कुठी बांधाचा म्हनून." तो बाकावर बसला. "गावात सबन लोकं रस्ता देतेत. मामाजीले थोच राग येते."

"आणि तुला? तुला अजून..."

"मासा? म्हनतेत ना. पोट्टे म्हनतेत. गुलाबचंद म्हनत नाई आता, थो मले पाह्यला की पान बांधाले लागते." तो हसला नाही. "टाईप कर."

मी टाईप करायला लागलो. मुलीचे नाव खुशबू. तारीख, वार, स्थळ सौंदड. निमंत्रक, श्यामलाल. त्याच्यापुढे त्याने एक शब्द लिहिला होता, कंसात. माझी बोटे थांबली.

"हे इथे कशाला, दादा? पत्रिकेत कोणी लिहीत नाही."

"लिह."

"लोक..."

"लोकाईले माहीत होय. सगळ्या लाईनले माहीत होय, तूच त छापलास." तो पुढे वाकला. "मी होव ना घरजवाई? चोरी नाई केली. लिह."

मी 'घरजावई' टाईप केले. बोटांना तीच सवय.

त्याने पडद्यावर पाहिले. "असा नाई. मी लिहला तसा. मले जे म्हनतेत ते."

मी 'घरजवाई' केले.

मग म्हणाला, ती लग्नपत्रिकेवर असतात ना, उठून येणारी अक्षरे, तशी पाहिजेत. मामाजींना नातीचे नाव बोटाने वाचायचे आहे. केशोराव म्हणाले, खर्च येईल. दादा म्हणाला, येऊ द्या.

तो गेल्यावर उरलेला कागद पूर्ण केला. सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, त्याने लिहिले होते: बाळाचा काका, केवलराम. तो 'ये' म्हणाला नव्हता. मीही विचारले नव्हते. उठून पाणी प्यालो, पुन्हा येऊन बसलो, पुन्हा वाचले. केवलराम. अक्षरे शिकल्यापासून तो मला असेच लिहितो.

दुरुस्ती केली नाही.

शुक्रवार, १४ डिसेंबर

पत्रिका छापून आल्या. एक बाजूला काढली आणि डोळे मिटून बोट फिरवले. मामांना कसे लागेल ते पाहायचे होते. खुशबू लागले, ठळक आहे. घरजवाई लागले. खाली माझ्या नावावर आलो, दोनदा, तीनदा बोट फिरवले.

ल आहे की ळ, बोटाला कळत नाही.